पहिली तुकडी आणि आपली पोरे
(सटाणे येथे पालकांपुढे केलेले भाषण)



मुंबई विश्वविद्यालयाचे पहिले चार बी. ए. १८६२ साली बाहेर पडले. त्यांतले महादेव गोविंद रानडे आपल्याच जिल्ह्यात, निफाडास जन्मले. १८९३ साली ते हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले. त्याच साली त्यांचे सोबती रामकृष्ण गोपाळ भांडारकर विश्वविद्यालयाचे कुलगुरू झाले. त्यांच्या विद्वत्तेस आमचा नमस्कार आहे. परंतु त्या चौघांत कुणब्याचे, सुताराचे, कुंभाराचे पोर एकही नाही.

आमच्या घरी अक्कल का कमी होती? नाही, शाळाच दारी आली नव्हती. सारा शेतकऱ्याने भरावा आणि विद्या वरच्यांनी घ्यावी, हा अन्याय जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे मांडला व बारा वर्षांपर्यंत सक्तीचे शिक्षण मागितले. १९१४ साली नाशकास मराठा विद्या प्रसारक समाज निघाला व आमच्या पोरांना वाट झाली.

आज शाळा गावात आहे. तरी कांदेलावणी आली की हजेरीत पोरे, त्यांतही मुली, कमी भरतात, हे आम्ही दरसाल पाहतो. मजुरीचे पैसे आठवड्यात सरतात. बुडालेली इयत्ता जन्मभर नडते. म्हणून मागणे एवढेच, की लावणीच्या दिवसांतही पोर शाळेत धाडा. पुढच्या तुकडीत तुमच्या घरचे नाव असू द्या.