व्यायाम आणि डोकेदुखी

डोके जड झाले की मोकळ्या हवेत चार पावले चालून यावे, असा सल्ला घरोघरी दिला जातो. परंतु काहींचे डोके व्यायामानेच दुखू लागते. धावताना, पोहताना, वजने उचलताना अथवा त्यानंतर ठणका सुरू होतो आणि तो काही मिनिटांपासून दोन दिवसांपर्यंत टिकू शकतो. श्रमाने डोक्यातील रक्तवाहिन्या ताणल्या जात असाव्यात, असा तज्ज्ञांचा तर्क आहे.

वजन उचलणाऱ्यांच्या शरीरात काय घडते, हे मात्र मोजून पाहिले गेले आहे. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी पाच शरीरसौष्ठवपटूंच्या दंडातील धमनीत नळी घालून रक्तदाब मोजला. हे संशोधन 1985 साली प्रसिद्ध झाले. दोन्ही पायांनी जड वजन रेटताना दाब सरासरी 320/250 पर्यंत चढला. विश्रांतीच्या वेळी तो 120/80 च्या आसपास असतो! श्वास कोंडून कुंथणे हे या वाढीचे एक मोठे कारण. तालमीतला पहिलवान असो वा पोते उचलणारा हमाल, ही खोड बहुतेकांना असतेच. ती मोडणे हा पहिला उपाय होय. वजन वर नेताना श्वास सोडावा, खाली आणताना घ्यावा.

दुसरा उपाय सावकाशीचा. आरंभी दहा-पंधरा मिनिटे हलक्या हालचाली कराव्यात आणि श्रम क्रमाक्रमाने वाढवावेत. उकाडा आणि उंची यांनी हा त्रास बळावतो. म्हणून भर दुपारी धावू नये. लेहसारख्या सुमारे 3,500 मीटर उंचीवरील गावी पोहोचताच तर मुळीच नाही. उपाशीपोटी व्यायाम टाळावा. पाणी तहानेप्रमाणे प्यावे. अतिरेकाने रक्तातील सोडियम घटते आणि त्यानेही डोके दुखते. नित्याचा चहा चुकल्याने दुखणारे डोके व्यायामाच्या माथी मारले जाते, तो प्रकार निराळा.

काही रुग्णांना डॉक्टर व्यायामापूर्वी इंडोमेथॅसिन देतात. ते जठराला व मूत्रपिंडाला बाधू शकते. स्वतःच्या मनाने घेऊ नये.

मात्र अशी डोकेदुखी आयुष्यात प्रथमच आणि एकाएकी उद्भवली, तर हे सारे उपाय बाजूला ठेवून तत्काळ रुग्णालय गाठावे. मान आखडणे, उलटी, शुद्ध हरपणे, एकाची दोन दिसणे ही लक्षणे सोबत असतील, तर मेंदूभोवती रक्तस्राव झालेला असू शकतो. चाळिशी उलटलेल्या माणसाचे डोके श्रमाने दुखून विश्रांतीने लगेच थांबत असेल, तर क्वचित ती हृदयाला रक्त अपुरे पडत असल्याचीही खूण असते. तेव्हा डोक्याबरोबर हृदयाचीही तपासणी करून घ्यावी लागते.