हजेरी



दिवंगत मित्रांविषयी दोन शब्द बोलायला मला सांगितलं आहे. किल्लारी परिसरातल्या आपल्या वर्गाला ते सोपं नाही.

२९ सप्टेंबर १९९३, अनंत चतुर्दशी. गणपती बोळवून आपण उशिरा परतलो. मी मंडपातच सतरंजीवर आडवा झालो. माझ्या बाकावरचा मित्र म्हणाला, "आई वाट बघत असंल," आणि घरी गेला. पहाटे चारच्या सुमारास भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंती, वर मातीचं जड माळवद. सगळं खाली आलं. त्याला 'थांब' म्हणालो नाही, हे मी आज पहिल्यांदाच बोलतो आहे.

पुढे पत्र्याच्या शेडमध्ये शाळा भरली. गुरुजींनी जुनाच हजेरीपट उघडला. त्याच्या नावाशी ते थांबले, चष्मा पुसला आणि पुढचं नाव घेतलं. पण नावावर काट मारली नाही.

त्याच्या आईला ढिगाऱ्यातून जिवंत काढलं होतं. तिच्यासमोर जायला मला सहा वर्षं लागली. ती एवढंच म्हणाली, "तू तरी येत जा, बाबा."

नंतरच्या काळात आजारानं, अपघातानं आणखी काही जण गेले. त्यांच्याही घरी कुणी वाट बघत असेल. श्रद्धांजली आज वाहू, पण वर्षातून एकदा त्या उंबऱ्यावर जाऊ या.

आता मी नावं वाचतो. सर्वांनी कृपया उभं राहावं.