चाचणी आपल्या हातात, निर्णयही आपलाच
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



माती परीक्षण केल्याशिवाय खत टाकू नका, हे आम्ही वर्षानुवर्षे सांगत आलो. आज माणसाच्या परीक्षणाबद्दल बोलायचे आहे. विषय एचआयव्हीचा आहे. कुणी मान खाली घालू नये.

ऊसतोडीच्या टोळ्या दिवाळीच्या आसपास गाव सोडतात, त्या पट्टा पडल्यावरच परततात. सरकारी रुग्णालयातल्या केंद्रात ही चाचणी फुकट होते, नाव गुप्त ठेवले जाते. तरी माणूस जात नाही. का? एक दिवस खाडा झाला की मुकादमाच्या वहीत उचल वाढते. आणि त्या दारात गावातले कुणी भेटले तर, ही धास्ती वेगळीच. लोक अडाणी म्हणून जात नाहीत, असे शहाणे म्हणतात. आम्ही म्हणतो, लोक हिशेब करतात आणि त्या हिशेबात चाचणी महाग पडते.

आफ्रिकेत मलावी, झांबिया आणि झिंबाब्वे हे आपल्यासारखेच मका पिकवणारे देश. तिथे २०१५ पासून स्वचाचणीचे संच गावातल्याच शिकवून तयार केलेल्या माणसांनी घरोघर पोहोचवले. दवाखान्याची पायरी न चढणाऱ्या पुरुषांनी आणि तरुणांनी घरात बसून चाचणी केली. २०१६ साली जागतिक आरोग्य संघटनेने या पद्धतीची शिफारस केली.

पद्धत सोपी आहे. एका प्रकारच्या संचात पट्टी हिरड्यांवरून एकदा फिरवायची, नळीतल्या द्रवात उभी करायची आणि वीस मिनिटांनी रेघा पाहायच्या. पट्टी विषाणू शोधत नाही, त्याच्याशी लढायला शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे शोधते. लाळेतून हा रोग पसरत नाही.

पण तीन गोष्टी पदरी बांधा. दोन रेघा आल्या म्हणजे निकाल लागला असे नाही. केंद्रात जाऊन खात्रीच्या चाचण्या कराव्याच लागतात. एकच रेघ आली, पण गेल्या तीन महिन्यांत धोका घडला असेल, तर पुन्हा तपासा. आणि जे आधीच औषधे घेतात त्यांनी ही पट्टी वापरू नये, ती चुकीचा निकाल देऊ शकते.

यापुढचे नीट ऐका. २००४ पासून सरकार औषधे फुकट देते. ती रोज घेऊन रक्तातला विषाणू मोजता येणार नाही इतका दबला, तर तो शरीरसंबंधातून जोडीदाराला जात नाही. माणूस संसार करतो, शेत कसतो. म्हणजे कळणे ही शिक्षा नव्हे. न कळणे ही शिक्षा.

मात्र हाच संच मुकादमाने टोळीवर किंवा नवऱ्याने बायकोवर लादला, तर ते हत्यार होईल. २०१७ च्या कायद्याने संमतीशिवाय चाचणी करायला आणि कामासाठी चाचणीची अट घालायला मनाई केली आहे. पट्टी ज्याची, निकाल त्याचा.

म्हणून हा ठराव मांडतो: टोळ्या निघण्याआधी हे संच उपकेंद्रात आणि आशाताईंकडे फुकट मिळावेत, आणि खात्रीच्या चाचणीसाठी जाणाऱ्याचा खाडा धरू नये. मान्य असेल तर हात वर करा.