मुलांचीं दुखणीं व शाळेचा हजेरीपट

(आमच्या गांवच्या प्राथमिक शाळेंत ज्येष्ठ महिन्यांत भरलेल्या पालकसभेपुढें केलेलें भाषण)



शाळा उघडून आठ दिवस झाले. पेरणी तोंडावर आलेली असतां आपण अर्धा दिवस मोडून येथें आलां, याबद्दल आम्ही आपले आभारी आहों. शाळेचें वर्तमान थोडक्यांत सांगतों. पहिलींत यंदा चौदा मुलें दाखल झालीं. त्यांत आठ मुली आहेत. पुस्तकें वांटून झालीं. पश्चिमेकडची खोली गळते, तिचें काम अद्याप व्हावयाचें आहे. त्याचा कागद पुढें गेला आहे, आणि तो अजून वाटेंतच आहे हें आम्ही दर सोमवारीं विचारून येतों. दुपारचें जेवण शिजविणाऱ्या बाई त्याच आहेत. त्यांचें मानधन वेळेवर येत नाहीं, हेंहि आपल्या कानीं घालून ठेवितों. कारण आपलीं मुलें त्यांच्याच हातचें खातात.

एवढें वर्तमान पुरे. आज आपणांस मुद्दाम बोलाविलें तें ह्या हजेरीपटासाठीं. हा गेल्या वर्षाचा आहे. माघ-फाल्गुनाचीं पानें पाहा, फारशा फुल्या नाहींत. आतां आषाढ-श्रावणाचीं पानें पाहा. पान फुल्यांनीं भरलें आहे. कोणी खुरपणीस गेलें असेल, कोणा थोरल्या मुलीला धाकट्यास सांभाळावयास घरीं ठेविलें असेल, तें निराळें. परंतु आम्हीं ज्यांना ज्यांना विचारलें त्यांपैकीं पुष्कळांचें उत्तर एकच: गुरुजी, पोट बिघडलें होतें.

ह्यांतील तीन फुल्यांची हकीगत सांगावयाची आहे. ज्या घरची ती आहे त्या घरचीं माणसें येथें बसलेलीं आहेत, आणि त्यांना विचारूनच आम्ही बोलतों. पहिलींतला एक मुलगा गेल्या आषाढांत तीन दिवस आला नाहीं. आम्हीं तीन दिवस तीन फुल्या मारिल्या आणि पुढचें नांव पुकारलें. चौथ्या दिवशीं कळलें कीं मुलाला व त्याच्या दीड वर्षाच्या बहिणीला जीपमध्यें घालून तालुक्याला नेलें आहे. दोघांनाहि हगवण लागली होती. पहिल्या दिवशीं आजीनें मीठ-मोहरी उतरून टाकिली. दुसऱ्या दिवशीं शेजारच्या गांवचा देवऋषी आणिला; त्यानें बाहेरचें आहे म्हणून सांगितलें, दोरा बांधिला, आणि नारळ व पैसे घेऊन तो गेला. ह्या तीनहि दिवसांत मुलांना पाणी जवळजवळ दिलें नाहीं. पाणी पाजलें कीं जुलाब वाढतात, अशी घरांत समजूत. मुलगा सलाईन लावून वांचला. मुलगी दवाखान्याच्या दारापर्यंतहि पोंचली नाहीं.

आतां आमचा अपराध ऐका. ज्या दिवशीं आम्ही पहिली फुली मारीत होतों, त्या दिवशीं ह्याच खोलींतल्या कपाटांत जलसंजीवनीच्या पुड्या पडून होत्या. आशाताईंनीं त्या शाळेसाठीं म्हणून आमच्या स्वाधीन केल्या होत्या. कपाटाला कुलूप होतें, व किल्ली आमच्या खिशांत होती. त्या मुलाचें घर शाळेपासून हाकेच्या अंतरावर. चौकशी करावी असें आमच्या मनांत आलें नाहीं. देवऋषानें जें केलें तें केलें. पण शिकलेल्या माणसानेंहि त्या घरासाठीं कांहीं केलें नाहीं.

आमच्यांतले कांहीं जण म्हणतात, मास्तरानें शिकवावें, दुखण्यांत पडूं नये. त्यांना आम्ही सावित्रीबाईंचें नांव सांगतों. ज्या बाईनें पुण्यास मुलींना अक्षर शिकविलें, तीच बाई 1897 च्या प्लेगांत रोग्यांची शुश्रूषा करीत होती, आणि 10 मार्च 1897 रोजीं त्याच रोगानें गेली. जोतीरावांनीं 1882 सालीं हंटर कमिशनपुढें मागणी केली कीं निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत रयतेच्या मुलांस प्राथमिक शिक्षण सक्तीचें करावें. शाहू महाराजांनीं 1917 सालीं आपल्या करवीर संस्थानांत तें करून दाखविलें. 2010 सालापासून सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला तो कायद्यानें हक्क आहे. इतक्या खटपटीनें मिळालेली जागा एका हगवणीनें रिकामी राहावी, हें आम्हांस सोसत नाहीं.

तर हगवणीविषयीं नीट समजून घ्या. जुलाबावाटे अंगांतलें पाणी व क्षार निघून जातात. मूल मरतें तें बहुधा ह्या कोरडेपणानें. पाटाला भगदाड पडलें म्हणून शेताचें पाणी तोडलें तर पीक वांचतें काय? भगदाड बुजेपर्यंत वरून पाणी चालूच ठेवावें लागतें. नुसत्या पाण्यानें मात्र भागत नाहीं. साखर व मीठ हीं योग्य प्रमाणांत असलीं म्हणजे जोडीनें आंतड्यांतून रक्तांत जातात, आणि त्यांच्यामागून पाणी जातें. जुलाब चालू असतांहि तें जातें, ही ह्यांतली मोठी गोष्ट.

हें कोठें सिद्ध झालें तेंहि सांगतों, म्हणजे ही आमच्या पदरची गोष्ट नाहीं हें कळेल. 1971 सालीं बांगलादेशाच्या युद्धांत लाखों निर्वासित पश्चिम बंगालांत आले. बनगांवच्या छावणींत पटकी पसरली. सलाईन संपत आलें. तें लावावयास माणसेंहि पुरेनात. तेव्हां डॉ. दिलीप महालनबीस ह्यांनीं मीठ, खाण्याचा सोडा व ग्लुकोज ह्यांचें पाणी पिपांत करून ठेविलें आणि रोग्यांच्या नातलगांच्या हातीं पेले दिले. पूर्वीं शंभरांत तीसच्या आसपास रोगी दगावत होते. ह्या पाण्यावर ठेविलेल्यांत तें प्रमाण चारांच्याहि खालीं आलें. पाजणारे कोण, तर त्यांच्या आया, भाऊ, शेजारी. त्यांतल्या कितीकांना लिहितां वाचतां येत नसेल.

आतां करावयाचें कसें? पुडी मिळाली तर अख्खी पुडी एक लिटर स्वच्छ पाण्यांत घालावी. अर्धी पुडी पेलाभर पाण्यांत अंदाजानें टाकूं नये. आमच्याकडे बहुतेक चूक येथेंच होते. कालविलेलें पाणी चोवीस तासांनंतर ओतून द्यावें. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यांत चहाचे सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ घालावें. चाखून पाहावें, डोळ्यांतल्या पाण्याहून खारट लागलें तर ओतून पुन्हां करावें, कारण जास्त मीठ अपायकारक आहे. दोन वर्षांखालील मुलाला प्रत्येक जुलाबानंतर पाव ते अर्धा पेला, त्याहून मोठ्याला अर्धा ते एक पेला. लहानाला चमच्यानें पाजावें. ओकलें तर दहा मिनिटें थांबावें आणि पुन्हां, अधिक सावकाश, सुरू करावें. ओकलें म्हणून बंद करूं नये. अंगावरचें दूध तोडूं नये. पेज, मऊ भात, वरण, जें मूल खाईल तें द्यावें. उपाशी ठेवूं नये. दुकानांत रंगीत खोक्यांतून मिळणारीं गोड पेयें म्हणजे जलसंजीवनी नव्हे. जुलाब गच्च करणाऱ्या गोळ्याहि मुलांना देऊं नयेत.

ह्याबरोबर झिंकची गोळी. सहा महिन्यांवरील मुलाला रोज एक, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला अर्धी, चौदा दिवस. जुलाब तिसऱ्या दिवशीं थांबले तरी चौदा दिवस पुरे करावयाचे. आशाताईंकडे व उपकेंद्रांत ती फुकट मिळते. दोन महिन्यांच्या आंतलें बाळ असेल तर घरीं मुळींच थांबूं नये.

आणि दवाखाना केव्हां? डोळे खोल गेले, पोटाची कातडी चिमटींत धरून सोडली तर हळूहळू बसते, लघवी होत नाहीं, मूल सुस्त पडलें किंवा पीत नाहीं, शौचांत रक्त आहे, ह्यांतलें एकहि दिसलें तर 108 ला फोन करावा, आणि वाटेंतहि पाजत राहावें. त्या वेळीं देवऋषाकडे जाणें म्हणजे मुलाचे उरलेले तास दुसऱ्याला दान करणें होय. पूर्वीं भटभिक्षुक आपणांस नाडीत म्हणून सत्यशोधकांनीं गांवोगांव आवाज उठविला. आतां नाडणारा पुष्कळदां आपल्याच आळींतला, आपल्याच जातीचा असतो, म्हणून आपण गप्प बसतों. डॉ. नरेंद्र दाभोलकर ज्यासाठीं झटले व 20 ऑगस्ट 2013 रोजीं पुण्यांत ज्यांचा खून झाला, तो जादूटोणाविरोधी कायदा त्याच वर्षीं महाराष्ट्रांत झाला आहे. त्या आजीबद्दल मात्र कोणी वांकडा शब्द काढूं नये. तिनें तिच्या सासूनें शिकविलें तें केलें. दुसरें शिकवावयाचें काम आमचें होतें.

रोग येतो कोठून हें थोडक्यांत. पहिल्या पावसानें उकिरड्याचें व ओढ्याचें पाणी विहिरींत उतरतें. टांकींत टीसीएल पावडर पडली कीं नाहीं हें पंचायतीला विचारावयाचा हक्क तुमचा आहे. कोणी रागावेल म्हणून भिऊं नका. पिण्याचें पाणी उकळा, रांजण झांका, आंत हात न बुडवितां ओगराळ्यानें पाणी काढा. तान्ह्या लेकराची शी म्हणजे कांहीं घाण नव्हे, असें आपण समजतों व ती परसांत टाकितों. मोठ्या माणसाच्या मळांतून जो रोग पसरतो तोच तिच्यांतूनहि पसरतो. ती संडासांत टाकावी, आणि हात साबणानें धुवावे. नुसत्या मातीनें हात घासले तर मातींतल्या जंतांचीं अंडीं हातावरच राहण्याची भीति.

जंतांवरून आठवलें. मुलें अनवाणी परसांत हिंडतात, तेव्हां एक जातीचा जंत पायाच्या कातडींतून आंत शिरतो व आंतड्याला चिकटून रक्त पितो. मग मूल फिकट होतें, दुपारीं वर्गांत पेंगतें, आणि आम्ही मास्तर त्याला आळशी म्हणतों. 2015 सालापासून 10 फेब्रुवारीस जंतांच्या गोळ्या देण्याचा दिवस पाळतात; पावसाळ्यांतहि एक फेरी होते. त्या दिवशीं मळमळेल म्हणून मुलांना घरीं ठेवणारीं घरें आमच्या पाहण्यांत आहेत. तसें करूं नका. दर आठवड्याला गुलाबी गोळी मिळते ती लोहाची. रक्त वाढावें म्हणून. गेल्या हिंवाळ्यांत शाळेच्या गटारींत दहा-बारा गुलाबी गोळ्या सांपडल्या. मुलांना आम्ही बोललों नाहीं. आतां गोळी जेवणानंतर समोर बसवून देतों, व आम्हीहि मुलांच्या पंक्तीला बसतों.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांना एक सांगणें आहे. दिवाळीनंतर तुम्ही निघालां कीं तान्ह्या बाळाची लस राहून जाते. गोवर-रुबेलाची पहिली लस नऊ महिने पुरे झाल्यावर व दुसरी सोळा ते चोवीस महिन्यांत. गोवर म्हणजे देवीचा कोप, असें अजून कोणी म्हणतात. खुद्द देवीचा रोग लस टोंचून टोंचून 1980 सालापर्यंत साऱ्या जगांतून गेला. कोप असता तर सुईला भ्याला नसता. गोवर मात्र गेलेला नाहीं. 2022 च्या अखेरीस मुंबईंत गोवंडीकडे त्यानें मुलें नेलीं. लसीचें कार्ड ट्रंकेंत, रेशनकार्डाबरोबर ठेवा आणि सोबत न्या. कारखान्याच्या तळाजवळ जें सरकारी आरोग्य केंद्र असेल तेथेंहि लस फुकट टोंचतात. शाळेंतल्या मुलांसाठीं जातांना आमच्याकडून दाखला किंवा चिठ्ठी मागून घ्या, म्हणजे तिकडच्या शाळेंत बसवितां येईल. नाहीं तर मुलगा सहा महिने कोपीवर भावंडें सांभाळतो आणि परत येतो तों वाचावयाचें विसरलेला असतो.

यंदापासून शाळेनें एक नेम केला आहे. मूल दोन दिवस आलें नाहीं तर तिसऱ्या दिवशीं शाळा सुटल्यावर आमच्यापैकीं एक जण घरीं येईल. हजेरीसाठीं आलों असें समजून मुलाला लपवूं नका. दंड कोणी करीत नाहीं. मूल शेतांत गेलें असेल तर तसें सांगा. आजारी असेल तर आंत येऊं द्या. जलसंजीवनीच्या पुड्या आतां त्या कपाटांत नाहींत. एक डबा ओट्यावरच्या कोनाड्यांत ठेविला आहे, रात्रींहि कोणी येऊन घ्यावी. दुसरा कुंभारवाड्यांत अंगणवाडीताईंच्या घरीं, तिसरा खालच्या आळींत लोहाराच्या भात्याजवळ आहे. पुड्या संपल्या कीं शाळेंत निरोप द्यावा.

येत्या गुरुवारीं उपकेंद्राच्या नर्सबाई येथेंच, ह्या खोलींत, लस टोंचावयास येणार आहेत. कार्ड हरवलें असलें तरी बाळ घेऊन यावें. वहींत नांव सांपडेल.

आतां चौथीच्या मुली आपल्यासमोर एक लिटर जलसंजीवनी करून दाखवितील. प्रत्येक बाईनें पुढें येऊन एक चमचा चाखावा, म्हणजे चव जिभेवर राहील. चमचे आम्हीं चहाचेच आणिले आहेत, मोठे नाहींत. आजी, तुम्ही पहिल्यांदा या.