निवाऱ्यात आणण्याआधी



गावातला कोंडवाडा, शहराबाहेरची गोशाळा आणि नगरपालिकेचं कुत्र्यांच्या नसबंदीचं केंद्र. तिन्हींचे कायदे वेगळे, खर्च करणारे हात वेगळे. कोंडवाड्याचा कायदा तर 1871 सालचा. दुसऱ्याच्या पिकात शिरलेलं जनावर कोंडायचं, मालकानं दंड भरून सोडवून न्यायचं, मालक फिरकलाच नाही तर लिलाव. पण या तिन्ही ठिकाणी ढोरांच्या डॉक्टरची अडचण एकच असते. घरचा बैल आजारी पडला की शेतकरी सांगतो, "काल रात्रीपासून रवंथ नाही, परवा सरकीच्या पोत्यात तोंड घातलं होतं." तिथेच निम्मं निदान होतं. निवाऱ्यातल्या जनावराचं असं सांगणारं कोणी नसतं. रात्री जनावर फाटकाला बांधून गेलेला माणूस सकाळी सापडत नाही. कानाला बारा अंकी बिल्ला असता तर त्यावरून लसीकरणाची नोंद तरी मिळाली असती, पण पुष्कळदा कानाला नुसतं भोक असतं. बिल्ला काढून टाकलेला असतो.

आपल्या जालना जिल्ह्यात अशी जनावरं का येतात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. 2012-13 च्या दुष्काळात जालना सगळ्यात जास्त होरपळलेल्या जिल्ह्यांपैकी होता. कडबा मिळेना आणि पाणी टँकरचं, अशात भाकड गाय पोसायची कशी? पुढे मार्च 2015 पासून राज्यात गाईबरोबर बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली. नांगराला ट्रॅक्टर आला तो आलाच. म्हातारा बैल विकता येत नाही आणि दावणीला परवडत नाही, म्हणून तो रस्त्यावर येतो. 2024 मध्ये नोंदणीकृत गोशाळांना देशी गाईमागे दिवसाला 50 रुपये अनुदान जाहीर झालं. चांगलं झालं. पण मोठं जनावर दिवसाला पंधरा-वीस किलो हिरवी वैरण, चार-पाच किलो कडबा आणि चाळीस-पन्नास लिटर पाणी मागतं. त्यात वाढायला-उचलायला माणूस लागतो आणि औषधं वेगळीच. 50 रुपयांत हे बसत नाही, हे स्पष्ट बोललेलं बरं.

आता डॉक्टरच्या कामाकडे येऊ. लोकांना वाटतं, जनावर आलं की डॉक्टरनं लगेच सुई टोचावी. खरं पहिलं काम असतं ते त्याला वेगळं बांधण्याचं. ऑगस्ट 2022 मध्ये जळगाव जिल्ह्यातल्या रावेर तालुक्यात लंपीच्या त्या साथीतली पहिली जनावरं आढळली आणि काही आठवड्यांत हा आजार राज्यभर पसरला. डास, माश्या, गोचीड यांच्यामार्फत तो जातो. दोनशे जनावरांच्या गोठ्यात अंगावर गाठी आलेली एक गाय दया म्हणून आत घेतली, तर बाकीच्यांवर अन्याय होतो. म्हणून नवीन जनावर निदान तीन आठवडे स्वतंत्र दावणीला ठेवायचं, त्याची बादली वेगळी, शेण काढणारा माणूस जमलं तर वेगळा. तेवढ्यात जंतनाशक पाजायचं, गोचीड काढायचे, लाळ्या खुरकूत आणि घटसर्पाची लस टोचायची. दारात उभं राहून "साहेब, आत घ्या की, जागा तर आहे" म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. वेगळी जागा शिल्लक नसेल, तर जागा नाहीच असं समजायचं.

गोशाळेच्या डॉक्टरला सगळ्यात धास्ती कोणत्या दिवसाची असेल, तर वसुबारसेची. सकाळपासून भाविकांची रीघ. कोणी पुरणपोळ्या आणतं, कोणी गुळाची ढेप, कोणी लग्नातल्या उरलेल्या भाताचं पातेलंच रिकामं करतं. गाय नाही म्हणत नाही. तिचं कोठीपोट चाऱ्यावर चालतं. आतले जीवजंतू कडबा-गवत आंबवतात आणि त्यावर ती जगते. एकदम पिठूळ, गोड अन्न पडलं की पोटात आम्ल वाढतं, रवंथ थांबतं, डावी कूस फुगते, शेण पातळ आणि आंबट वासाचं येतं. दुसऱ्या दिवशी गाय उठत नाही. मग खायचा सोडा पाजा, सलाईन लावा, रात्रभर जागा. काही जनावरं तरीही दगावतात. गाईला नैवेद्य द्यायचाच असेल तर एक घास द्या, आणि उरलेल्या पैशाची कडब्याची पेंढी घ्या. त्यात तुमचं पुण्य काही कमी होणार नाही.

तसंच उरलंसुरलं अन्न प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून टाकण्याचं. 2018 पासून राज्यात प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आहे, आणि बंदी किती पाळली जाते ते गाईच्या पोटात दिसतं. गाय गाठ सोडू शकत नाही, म्हणून पिशवीसकट गिळते. पिशवी पुढे सरकत नाही. वर्षानुवर्षं साठते. गाय खाते पण वाळत जाते, पोट मात्र टम्म. अशा गाईला उभं ठेवूनच शस्त्रक्रिया करतात. डाव्या कुशीवरचे केस भादरायचे, जागा बधिर करायची, कातडी उघडून कोठीपोट कातडीला टाचून घ्यायचं आणि मगच ते उघडायचं, म्हणजे आतली घाण पोकळीत सांडत नाही. मग खांद्यापर्यंत हात आत. हाताला लागतो तो दोरखंडासारखा पिळलेला, घट्ट बसलेला गोळा. ओढला तर येत नाही, तुकड्यातुकड्यानं काढावा लागतो. वीस-तीस किलो निघणं आता आम्हाला नवलाचं राहिलेलं नाही. त्यात चपलेचा पट्टा, सुतळी, कधी तारेचा तुकडा किंवा सुई असते. तार पोटाच्या पुढच्या कप्प्यातून, जाळीपोटातून, पुढे घुसली की गाठ थेट हृदयाशी, कारण दोघांमध्ये अंतर अगदी थोडं असतं. तसली गाय बहुधा वाचत नाही. तेव्हा ओला कचरा पिशवीत बांधू नका, घंटागाडीत सुटा टाका.

आता कुत्र्यांबद्दल. 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे भटकं कुत्रं पकडून त्याची नसबंदी करायची, रेबीजची लस द्यायची, ओळखीसाठी कानाला काप घ्यायचा आणि जिथून आणलं तिथेच सोडायचं. दुसरीकडे सोडलं तर मूळ गल्लीत नवीन, लस नसलेली कुत्री येतात. शाळा, दवाखाने, बसस्थानकं, रेल्वे स्थानकं यांच्या आवारातल्या कुत्र्यांसाठी मात्र सर्वोच्च न्यायालयानं 7 नोव्हेंबर 2025 रोजी वेगळा आदेश दिला. ती पुन्हा तिथे न सोडता निवाऱ्यात ठेवायची. म्हणजे निवाऱ्यांची आणि डॉक्टरांची गरज वाढली. जालन्यात 2023 मध्ये महानगरपालिका झाली, तिच्यावरही ही जबाबदारी आहे. तुमच्या गल्लीतल्या कुत्रीला पिल्लं असतील तर पकडणाऱ्या पथकाला आधी सांगा. दूध पिणारी पिल्लं मागे राहून आई केंद्रात गेली, तर पिल्लं उपाशी मरतात.

आणि रेबीज फक्त कुत्र्यात असतो असं समजू नका. पिसाळलेलं कुत्रं चावल्यावर काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी गाय किंवा म्हैस लाळ गाळू लागते, घोगरी हंबरते, तिला गिळता येत नाही. घरचा माणूस म्हणतो, घशात काहीतरी अडकलं, आणि सरळ हात घालतो. हे अजिबात करू नका. लाळ गाळणाऱ्या, चारा न गिळणाऱ्या जनावराच्या तोंडात उघडा हात घालायचा नाही, डॉक्टर येईपर्यंत थांबायचं. चावा बसला किंवा लाळ लागलेला ओरखडा आलाच, तर जखम वाहत्या पाण्यात साबणानं 15 मिनिटं धुवा. घड्याळ लावून धुवा. चुना, हळद, तिखट काही लावू नका आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा. लस तिथे मोफत मिळते. लक्षणं दिसू लागल्यावर मात्र या आजाराला औषध नाही.

शेवटी रस्त्यावरच्या अपघातांबद्दल. जालना-अंबड रस्ता घ्या नाहीतर समृद्धी महामार्गाला मिळणारे रस्ते, धडक लागलेलं जनावर दिसलं की चार माणसं धावतात, हे आपल्याकडचं चांगलं आहे. पण पाय धरून ओढू नका. कण्याला मार असेल तर ओढण्यानं उरलीसुरली आशा जाते. ताडपत्री अंगाखाली सरकवून त्यावरून उचला. आडवं पडलेलं असेल तर छातीवर बसतं करा आणि दोन्ही बाजूंना पोती लावा, नाहीतर पोट फुगून गुदमरतं. तोंडात पाणी, तेल, ताक ओतू नका, ते फुफ्फुसात जातं. वेदनाशामक म्हणून दुकानातून डायक्लोफिनॅक आणून देऊ नका. जनावरांसाठी ते 2006 पासून बंद आहे, ते दिलेल्या मेलेल्या जनावराचं मांस खाऊन गिधाडं मरतात.

1962 या मोफत क्रमांकावर फोन करा, पशुवैद्यकीय फिरतं पथक मागवता येतं. फोनवर ठिकाण सांगा, जनावर कधीपासून पडलंय ते सांगा, बिल्ला असेल तर त्याचा क्रमांक वाचून दाखवा, लघवी-शेण झालं का, मागचे पाय हलवतंय का तेही सांगा. आणि गाडी येईपर्यंत एक जण तिथे थांबा.