पऱ्हाटीवरचा शिकारी



आपल्या बुलडाणा जिल्ह्यात,
कपाशीच्या पानाआड,
प्रार्थना कीटक बसलेला असतो.
पुढचे पाय जोडून, अगदी साळसूद!
मान वळवून तो थेट आपल्याकडे बघतो.
मुलांना मग तो घरी हवाच असतो.

आणा, पण उंच बरणीत.
तोंडाला जाळीचं कापड बांधा.
आत एक काडी उभी ठेवा.
कात टाकताना तो उलटा लटकतो.
जागा अपुरी पडली, तर पाय वाकडे होतात.

खायला जिवंत माशी द्या.
फवारणीच्या शेतातली मात्र नको.
जाळीवर पाण्याचे चार थेंब शिंपडा.

आणि एका बरणीत एकच.
दोन ठेवले, तर एक दुसऱ्याला खातो.
पुन्हा सांगते, एका बरणीत एकच.

कपाशीची पऱ्हाटी उपटताना काड्या बघा.
वाळलेल्या फेसासारखी गाठ दिसेल.
त्यात त्याची अंडी असतात.
ती काडी चुलीत घालू नका,
बांधावरच्या झुडपात खोचा.
पिल्लं मावा खातात,
मोठी झाली, की अळ्या.

मधमाशीही तो सोडत नाही, बरं का!
म्हणून मधपेट्यांपासून त्याला लांबच सोडा.