आपल्या मंडळाचा बेंजो



मंडळाच्या कपाटातील जुना बेंजो सुवर्णमहोत्सवानिमित्त काचेच्या पेटीत ठेवावा व त्याखाली ‘मूळ वाद्य’ अशी पाटी लावावी, अशी सूचना आली आहे. त्यांतील ‘मूळ’ या शब्दाविषयी मला चार शब्द बोलावयाचे आहेत.

प्रथम नावासंबंधी. पाश्चात्त्यांचा बेंजो निराळा; गोल कड्यावर चामडे ताणलेला, लांब दांड्याचा. अमेरिकेत नेलेल्या आफ्रिकी गुलामांच्या वाद्यांतून तो घडला. मुंबईत गणपतीच्या मिरवणुकीत बेंजो पार्टी वाजविते ते वाद्य म्हणजे बुलबुल तरंग. त्याचे मूळ जपानी ‘ताइशोगोतो’. नागोयाच्या मोरिता गोरो यांनी १९१२ च्या सुमारास टंकलेखन यंत्रासारख्या कळा तारांवर बसवून ते सिद्ध केले. तेव्हा आपण ज्याला हक्काने बेंजो म्हणतो, त्याचे नाव एका खंडाचे आणि कूळ दुसऱ्या खंडाचे!

आता आपल्या वाद्याकडे वळू. त्याची पेटी एका बेंजोची, कळा व पडदे दुसऱ्याचे, खुंट्या तिसऱ्याच्या. तिन्ही भाग जुने आणि अस्सल. परंतु ते एकमेकांसाठी घडविलेले नव्हेत. ते जुळविले आपल्या हुडको वसाहतीतील एका सभासदाने. भिलाईच्या पोलाद कारखान्यात ते फिटर होते.

ही जुळणी सोपी नव्हती. पडद्यांची अंतरे तारेच्या लांबीवर ठरतात. बाराव्या पडद्यावर तार बरोबर निम्मी झाली, तरच तार षड्ज मिळतो. समजा, पडदे ५० सेंटिमीटर तारेसाठी आखलेले आहेत आणि पेटी लांब असल्यामुळे घोडी दोन सेंटिमीटर पलीकडे बसली. मग त्याच पडद्यावर षड्ज न येता सूर शुद्ध निषादाकडे घसरतो. खुंट्या कितीही पिळल्या तरी हा दोष जात नाही. आमच्या फिटरकाकांनी घोडी अलीकडे आणली. पूर्वीच्या जागेची दोन भोके वरच्या फळीवर अजून दिसतात. ती बुजवून पॉलिश मारावे, असेही कोणी सुचविले आहे. माझा त्याला स्पष्ट विरोध आहे. वाद्य कसे जुळविले, याचा तेवढाच पुरावा शिल्लक आहे.

अमेरिकेत गिब्सन कंपनीच्या १९२०–३० च्या दशकांतील अनेक चौतारी बेंजोंना पुढे नवे पंचतारी दांडे बसविले गेले. जाणकार विक्रेते ‘कडे मूळचे, दांडा नंतरचा’ असे स्पष्ट सांगतात आणि त्याप्रमाणे किंमत कमी-अधिक होते. त्यामुळे वाद्याला कोणी खोटे म्हणत नाही. लपविले तरच खोटे म्हणतात.

आपल्याला हे वाद्य विकावयाचे नाही, हे खरे. परंतु ‘मूळ’ असे लिहिले की फिटरकाकांचे काम पुसले जाते, आणि माझ्या मते या बेंजोत सर्वांत मोलाचे तेच आहे. म्हणून पाटीवर असे असावे : ‘तीन जुन्या बेंजोंच्या भागांतून आपल्या वसाहतीत जुळविलेले वाद्य.’ काचेच्या पेटीला कुलूप लावावे, पण विसर्जनाच्या दिवशी ते उघडावे. दोन तारा गंजल्या आहेत. नागपूरला जाणाऱ्या कोणी नव्या आणल्यास घोडी न हलविता त्या चढविण्याचे काम मी करीन.